रूझवेल्ट यांचीं दोन पदकें

रूझवेल्ट हें नांव कानीं पडलें म्हणजे बहुतेकांस चाकांच्या खुर्चींत बसून दुसरें महायुद्ध चालविणारे फ्रँकलिन रूझवेल्ट आठवतात. परंतु त्यांच्या आधीं बत्तीस वर्षें त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेंतील एक गृहस्थ अमेरिकेच्या अध्यक्षपदावर आले होते. त्यांचें नांव थिओडोर. रणांगणावरील शौर्याबद्दल अमेरिका देते तें सर्वोच्च पदक, म्हणजे ‘मेडल ऑफ ऑनर’, आणि जागतिक शांततेसाठीं दिलें जाणारें नोबेल पारितोषिक, हे दोन्ही बहुमान ज्यांच्या नांवावर लागले आहेत असे अमेरिकेचे अध्यक्ष हे एकच. त्यांपैकीं शांततेचें पारितोषिक त्यांस अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं न मागतां मिळालें. शौर्याचें पदक त्यांनीं मागितलें, मित्रांकरवीं मागविलें, तरी तें मिळालें नाहीं; आणि मिळालें तेव्हां त्यांना जाऊन ८२ वर्षें झालीं होतीं.

थिओडोर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजीं न्यूयॉर्क शहरीं एका सधन व्यापारी कुटुंबांत झाला. बालपणीं दम्यानें ते इतके जर्जर असत कीं कित्येक रात्री उशांना टेकून बसून काढाव्या लागत. व्यायाम, मुष्टियुद्ध, घोडदौड आणि शिकार यांचा ध्यास घेऊन त्यांनीं आपली काया कमावली, ही हकीकत त्यांच्या सर्व चरित्रांत मोठ्या आवडीनें सांगितलेली आढळते. दुसरी एक हकीकत तितक्या आवडीनें सांगितली जात नाहीं. ते अडीच वर्षांचे असतां अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांचें यादवी युद्ध पेटलें. वडील उत्तरेचे अभिमानी. आई दक्षिणेंतील जॉर्जिया प्रांताची, आणि तिचे भाऊ दक्षिणेच्या बाजूनें लढत असलेले. मेहुण्यांवर बंदूक रोखण्याचा प्रसंग नको म्हणून म्हणा, पत्नीच्या मनाला जपण्यासाठीं म्हणा, वडिलांनीं त्या काळच्या कायद्यानें दिलेल्या सवलतीप्रमाणें पैसे भरून आपल्या जागीं दुसरा मनुष्य लढाईस पाठविला. सैनिकांच्या पगारांतून त्यांच्या बायकामुलांस घरीं रक्कम पोंचावी यासाठीं त्यांनीं छावण्याछावण्यांतून हिंडून पुष्कळ खटपट केली, हें खरें. थिओडोर वडिलांना देवासमान मानीत. तरीहि ही एक गोष्ट त्यांच्या मनांत कायमची सलत राहिली, असें घरच्या माणसांचें म्हणणें होतें. पुढील आयुष्यांत लढाईचें नांव निघतांच हा गृहस्थ असा कां उसळे, याचें निम्मे कारण येथें सांपडतें.

१५ फेब्रुवारी १८९८ रोजीं क्यूबांतील हवाना बंदरांत ‘मेन’ नांवाची अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि अडीचशेंहून अधिक खलाशी प्राणांस मुकले. क्यूबा त्या वेळीं स्पेनच्या ताब्यांत होता. स्फोटाचें कारण निश्चित झालें नव्हतें. पण लोकमत खवळलें आणि एप्रिलांत युद्ध जाहीर झालें. रूझवेल्ट तेव्हां आरमार खात्याचे उपमंत्री होते. वय ३९, घरीं सहा मुलें, पत्नी नुकतीच मोठ्या दुखण्यांतून उठलेली. कचेरींत बसूनच देशाची सेवा अधिक होईल, असें सर्वांनीं परोपरीनें समजाविलें. त्यांनीं राजीनामा दिला आणि स्वयंसेवकांच्या पहिल्या रिसाल्यांत दुय्यम सेनानीचें पद पत्करलें. मुख्य सेनानी होते लिओनार्ड वुड. हे पेशानें वैद्य; आणि बारा वर्षांपूर्वींच्या एका मोहिमेबद्दल त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालेलें होतें. म्हणजे ज्या पदकाचा ध्यास रूझवेल्ट यांना पुढें लागला, तें रोज त्यांच्या वरिष्ठाच्या नांवाशीं जोडलेलें होतें.

हा रिसाला मोठा विलक्षण होता. पश्चिमेकडील गुराखी, शिकारी, मूळच्या रेड इंडियन जमातींतले तरुण आणि त्यांच्या जोडीला हार्वर्ड-येल यांसारख्या विद्यापीठांतले श्रीमंतांचे मुलगे. वर्तमानपत्रांनीं त्यांना ‘रफ रायडर्स’ म्हणजे रांगडे स्वार असें नांव दिलें. परंतु बोटींत जागा अपुरी पडल्यामुळें स्वारांचे घोडे फ्लॉरिडांतच राहिले आणि अधिकाऱ्यांचे तेवढे घोडे बरोबर गेले. घोडदळ म्हणून भरती झालेले हे लोक क्यूबाच्या रानांत पायींच लढले.

१ जुलै १८९८ हा रूझवेल्ट यांच्या आयुष्यांतला मोठा दिवस. सांतियागो शहराबाहेरील सान हुआन टेकड्यांवर स्पॅनिश सैन्य खंदक खणून बसलें होतें. वुड यांस बढती मिळाल्यामुळें रिसाल्याचें आधिपत्य आतां रूझवेल्ट यांच्याकडे आलें होतें. खालच्या गवतांत पडून राहिलेल्या सैनिकांवर वरून गोळ्यांचा वर्षाव चालला होता आणि हुकूम येत नव्हता. अखेर हुकूम आला. समोरच्या टेकडीवर साखरेचा रस आटविण्याची एक भलीमोठी लोखंडी काहील पडलेली होती, म्हणून अमेरिकनांनीं तिला काहिलीची टेकडी, ‘केटल हिल’, म्हटलें. रूझवेल्ट घोड्यावर बसून पुढें निघाले. सर्व सैन्य पायीं आणि हे एकटे घोड्यावर, म्हणजे शत्रूला नेम धरण्यास याहून सोयीचें लक्ष्य दुसरें नव्हतें. माथा थोडा राहिला असतां तारेचें कुंपण आडवें आलें; तेथें घोडा सोडून ते पायीं वर चढले. हातांतील पिस्तुल बुडालेल्या ‘मेन’ नौकेंतून वर काढलेलें होतें. तें त्यांच्या मेहुण्यानें त्यांना दिलें होतें.

ती टेकडी हातीं येतांच पलीकडच्या टेकडीवर चाल करण्यासाठीं त्यांनीं आरोळी दिली आणि ते धांवत सुटले. थोडें अंतर गेल्यावर मागें वळून पाहतात तों बरोबर अवघे पांच जण! बाकीच्यांनीं गलबल्यांत हांक ऐकलीच नव्हती. ते तसेच परत आले, लोकांवर रागावले, आणि सर्वांना घेऊन पुन्हां निघाले. ही फजिती त्यांनीं स्वतःच आपल्या पुस्तकांत लिहून ठेवली आहे. मात्र त्या दिवशीं त्यांच्या खांद्यास खांदा लावून नववा व दहावा हे कृष्णवर्णी सैनिकांचे रिसाले चढले होते, त्यांस जनतेच्या स्मृतींत तितकी जागा मिळाली नाहीं. वर्तमानपत्रांचे बातमीदार रूझवेल्ट यांच्या भोंवतीं होते.

३ जुलै रोजीं स्पेनचें आरमार सांतियागो बंदराबाहेर नष्ट झालें आणि १७ जुलैला शहर शरण आलें. लढाई संपली, पण माणसें मरण्याची थांबलीं नाहींत. हिंवताप आणि पीतज्वर यांनीं छावणीस ग्रासलें. सैन्याला परत न्यावें कीं तेथेंच ठेवावें याचा निर्णय वॉशिंग्टनच्या युद्धखात्यांत होत नव्हता, आणि कायम नोकरींतील अधिकाऱ्यांनीं उघड तक्रार केली तर नोकरीवर पाणी सोडावें लागणार. रूझवेल्ट हे स्वयंसेवक. गमावण्यासारखें त्यांच्यापाशीं कांहीं नाहीं, असें सर्वांना वाटलें. त्यांनीं सेनापति शाफ्टर यांस एक खरमरीत पत्र लिहिलें. इतर अधिकाऱ्यांनीं सह्या करून दुसरें एक संयुक्त पत्र दिलें. सैन्य तत्काळ हलविलें नाहीं तर तें रोगानें नाश पावेल, असा त्यांचा आशय होता. हीं पत्रें बातमीदाराच्या हातीं पडलीं, किंवा पडूं दिलीं गेलीं, आणि ऑगस्टच्या आरंभीं देशभर प्रसिद्ध झालीं. स्पेनशीं तहाचें बोलणें चाललें असतां आपलें सैन्य रोगानें खिळलें आहे असें शत्रूला छापून कळविल्यासारखें झालें. अध्यक्ष मॅकिन्ले संतापले. युद्धमंत्री आल्जर यांचा तर पाणउताराच झाला. त्यांनीं रूझवेल्ट यांचें एक खासगी पत्र प्रसिद्ध करून सूड घेतला. त्यांत आपला रिसाला इतर स्वयंसेवक पलटणींच्या तिप्पट मोलाचा आहे, अशी बढाई मारलेली होती. पण थोड्याच दिवसांत सैन्य न्यूयॉर्कजवळील माँटाक येथें हलविण्यास प्रारंभ झाला.

पदकाचा प्रश्न येथें अडला. वुड, समनर, शाफ्टर या वरिष्ठांनीं रूझवेल्ट यांच्यासाठीं शिफारशी केल्या. रूझवेल्ट स्वतः सिनेटर लॉज या आपल्या मित्राला पत्रांमागून पत्रें लिहून पदकाचा तगादा लावीत होते. त्यांत संकोच तर नव्हताच. आपण तें मिळविलें आहे आणि आपणांस तें हवें आहे, असें ते उघड लिहीत. युद्धखात्यानें पदक नाकारलें. आल्जर यांच्या रागाचा त्यांत वांटा होता, अशी रूझवेल्ट यांची व त्यांच्या मित्रांची खात्री होती, आणि ती निराधार म्हणतां येणार नाहीं. परंतु दुसरी बाजूहि लक्षांत घ्यावयास हवी. पदकासाठीं प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी लागत. त्या पुरेशा भरल्या नाहींत. शिवाय त्या दिवशीं टेकडी चढलेले शूर पुष्कळ होते. एवढें मात्र खरें कीं, ज्या पत्रानें त्यांच्या सैनिकांचे प्राण वांचण्यास मदत झाली, तें पत्र त्यांच्या पदकाच्या आड आलें असावें. पदकासाठीं लिहिलेल्या पत्रांपेक्षां त्या एका पत्राची किंमत अधिक मानावी लागेल.

लोकांनीं त्यांस दुसरें पदक दिलें. त्याच नोव्हेंबरांत ते न्यूयॉर्क प्रांताचे गव्हर्नर निवडून आले, १९०१ सालीं उपाध्यक्ष झाले आणि मॅकिन्ले यांचा खून झाल्यावर १४ सप्टेंबर १९०१ रोजीं अध्यक्ष. आतां सर्व सैन्याचे अधिपति तेच. ते मनांत आणते तर पदक घरीं चालत आलें असतें. पण स्वतःच्या हातानें स्वतःच्या गळ्यांत तें अडकविण्याचा मोह त्यांनीं टाळला.

त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळांत, फेब्रुवारी १९०४ मध्यें, जपाननें पोर्ट आर्थर येथील रशियन आरमारावर हल्ला केला आणि पूर्वेकडे मोठें युद्ध जुंपलें. पोर्ट आर्थर पडलें, मुकदेनची प्रचंड लढाई झाली, मे १९०५ मध्यें त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत रशियाचें आरमार बुडालें. एका आशियाई राष्ट्रानें युरोपांतील बलाढ्य साम्राज्यास हरविलें, या वार्तेनें हिंदुस्थानांतहि केवढी खळबळ उडाली हें सर्वश्रुत आहे. परंतु विजयी जपानची तिजोरी रिकामी होत आली होती. त्सुशिमानंतर लगेच जपाननें रूझवेल्ट यांस गुप्तपणें विनंति केली कीं मध्यस्थी करावी. मात्र ती आपण होऊन करीत आहां असें दाखवावें. रूझवेल्ट यांनीं तसेंच केलें.

५ ऑगस्ट १९०५ रोजीं ऑयस्टर बे येथें ‘मेफ्लॉवर’ या नौकेवर दोन्ही पक्षांचे वकील प्रथम एकत्र आले. रशियाचे विट्टे व रोझेन, जपानचे कोमुरा व ताकाहिरा. आधीं कोणी प्रवेश करावा, उजवीकडे कोणी बसावें, कोणत्या राजाचें नांव आधीं घ्यावें, एवढ्यावरून बोलणीं मोडण्याचा संभव होता. रूझवेल्ट यांनीं जेवणाचें टेबल गोल ठेवलें आणि खुर्च्या काढून टाकल्या. सर्वांनीं उभ्यानेंच खाल्लें. मग त्यांनीं दोन्ही राष्ट्रांच्या अधिपतींसाठीं एकच पेला उचलला, आणि हा पेला उभ्यानें व मौन धरून प्यावा, उत्तराचें भाषण कोणीं करूं नये, अशी विनंति केली. रणांगणावर घोडा उधळीत जाणारा हाच मनुष्य काय, असा प्रश्न पडावा इतकें हें नाजूक काम होतें.

पुढील वाटाघाटी पोर्ट्समथ येथील आरमारी गोदींत झाल्या. रूझवेल्ट तेथें एकदांहि गेले नाहींत. ते आपल्या घरून सूत्रें हलवीत होते. जपानकडे बॅरन कानेको या हार्वर्डच्या जुन्या विद्यार्थ्यामार्फत आणि झारकडे आपले वकील मेयर यांच्यामार्फत. बाकीच्या मुद्यांवर जुळलें, पण दोन गोष्टी अडल्या: साखालीन बेट आणि युद्धखर्चाची भरपाई. झार एक कवडीहि देण्यास तयार नव्हता. अखेर २९ ऑगस्टला जपाननें भरपाईचा हट्ट सोडला, रशियानें साखालीनचा दक्षिण भाग दिला, आणि ५ सप्टेंबर १९०५ रोजीं तहावर सह्या झाल्या. त्याच दिवशीं तोकियो येथें, विजय मिळूनहि पैसा न मिळाल्यामुळें चिडलेल्या जनतेनें दंगल केली. शांतता घडवून आणणाऱ्याला दोन्हीकडून शिव्याच खाव्या लागतात, त्याचा अनुभव रूझवेल्ट यांसहि आला.

या तहाला आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ‘मेफ्लॉवर’वरील भोजनाच्या आदल्या दिवशीं, ४ ऑगस्टला, सिंगमान ऱ्ही नांवाचा एक कोरियन तरुण सहकाऱ्यासह रूझवेल्ट यांच्या घरीं आला होता. कोरियाचें स्वातंत्र्य राखावें असा अर्ज त्याच्या हातीं होता. अमेरिकेनें १८८२ सालीं कोरियाशीं केलेल्या करारांत संकटकाळीं सदिच्छेनें मध्यस्थी करण्याचें वचन होतें. रूझवेल्ट यांनीं पाहुण्यांचें सौजन्यानें स्वागत केलें आणि अर्ज रीतसर वकिलातीमार्फत पाठवा असें सांगितलें. तो तसा कधींच आला नाहीं. पोर्ट्समथच्या तहानें कोरियांतील जपानचें वर्चस्व मान्य केलें; त्याच वर्षीं कोरिया जपानचा मांडलिक झाला आणि १९१० मध्यें पुरा गिळला गेला. तो तरुण १९४८ सालीं दक्षिण कोरियाचा पहिला अध्यक्ष झाला, हें पाहण्यास रूझवेल्ट नव्हते. पारतंत्र्यांतल्या लोकांविषयीं त्यांची दृष्टि कशी होती याची ओळख हिंदुस्थानासहि झाली. जानेवारी १९०९ मध्यें वॉशिंग्टन येथील एका भाषणांत त्यांनीं हिंदुस्थानांतील इंग्रजी राज्यकारभाराची मुक्तकंठानें स्तुति केली. लोकमान्य टिळक त्या वेळीं मंडालेच्या तुरुंगांत सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते.

तहावर सह्या झाल्यानंतर पंधरा दिवसांनीं, २० सप्टेंबर १९०५ रोजीं, रूझवेल्ट यांनीं एक लहानसा हुकूम काढला. तोंपर्यंत ‘मेडल ऑफ ऑनर’ कधीं टपालानें, कधीं छावणींतल्या कवाइतीच्या वेळीं देत. यापुढें तें समारंभपूर्वक आणि शक्य तेथें अध्यक्षांच्या हस्तें द्यावें, असें त्यांनीं ठरविलें. या हुकुमाप्रमाणें व्हाइट हाउसमधील पहिलें पदक जानेवारी १९०६ मध्यें डॉक्टर जेम्स चर्च यांस मिळालें. हे चर्च ‘रफ रायडर्स’चेच दुय्यम शस्त्रवैद्य, क्यूबांतील पहिल्या चकमकींत गोळ्यांखालीं जखमींची शुश्रूषा केल्याबद्दल त्यांचा गौरव झाला. आपल्याच रिसाल्यांतील हाताखालच्या माणसाच्या छातीवर तें पदक लावतांना रूझवेल्ट यांच्या मनांत काय आलें असेल, तें कोणींहि कल्पनेनें जाणावें.

१० डिसेंबर १९०६ रोजीं नॉर्वेनें त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक जाहीर केलें. नोबेल मिळविणारे ते पहिले अमेरिकन. फिलिपाइन बेटांतील प्रतिकार ज्यांच्या कारकीर्दींत मोडून काढला गेला, आरमार वाढविण्याचा ज्यांचा अखंड घोष, त्यांना शांततेचें पारितोषिक मिळावें याचें कित्येकांस हंसूं आलें. पण निदान एका गोष्टींत टीकाकारांस बोट दाखवितां आलें नाहीं. पारितोषिकाची रक्कम सुमारें ३६,७३४ डॉलर होती. अध्यक्ष म्हणून केलेल्या कामाचा पैसा आपल्या मुलाबाळांसाठीं ठेवणें योग्य नव्हे, असें ठरवून त्यांनीं मालक व मजूर यांच्यांत सलोखा घडविण्यासाठीं एक निधि स्थापिला. त्यासाठीं १९०७ सालीं काँग्रेसनें कायदा केला, मोठमोठे विश्वस्त नेमले गेले, आणि निधीनें कांहींच केलें नाहीं. रक्कम व्याजानें वाढत पडून राहिली.

१९१० च्या मे महिन्यांत, अध्यक्षपद सोडल्यावर, ते ख्रिस्तियानिया येथें नोबेल-व्याख्यान देण्यास गेले. न्यायाखेरीज शांतता नको, लवादाचे करार व्हावेत, आरमारांची वाढ रोखावी आणि मोठ्या राष्ट्रांनीं शांततेसाठीं संघ स्थापून तिचा भंग करणारास बळानेंहि आवरावें, असें त्यांनीं मांडलें. राष्ट्रसंघाच्या स्थापनेपूर्वीं दहा वर्षें हे विचार बोलले गेले होते. पुढें विल्सन यांनीं तोच विषय हातीं घेतला तेव्हां मात्र रूझवेल्ट हे त्यांचे कडवे टीकाकार होते.

पहिल्या महायुद्धांत अमेरिका उतरतांच, १९१७ सालीं, ५८ वर्षांच्या रूझवेल्ट यांनीं स्वयंसेवकांची फौज घेऊन फ्रान्सला जाण्याची परवानगी मागितली. विल्सन यांनीं ती नाकारली. चारहि मुलगे गेले. १४ जुलै १९१८ रोजीं धाकटा क्वेंटिन, वय वीस, विमानांतून लढतांना फ्रान्समध्यें मारला गेला. त्याच उन्हाळ्यांत काँग्रेसनें तो पडून राहिलेला नोबेल-निधि त्यांच्या विनंतीवरून परत केला. तो आतां ४५,४८२ डॉलरांवर गेला होता. त्यांनीं सर्व रक्कम युद्धांतील सैनिक व पीडित यांच्यासाठीं वांटून टाकली; रेड क्रॉस, साल्व्हेशन आर्मी, वाय. एम. सी. ए., ज्यूंची सेवासंस्था, अशा अनेकांस थोडी थोडी. पुत्रशोक ताजा असतां हा हिशेब त्यांनीं पैन् पैचा करून दिला. ६ जानेवारी १९१९ रोजीं झोंपेंतच त्यांचें देहावसान झालें.

शौर्याचें पदक त्या घरांत आधीं मुलाकडून आलें. ज्येष्ठ पुत्र थिओडोर हे ६ जून १९४४ रोजीं, ५६ वर्षांचे, संधिवातानें अधू, हातांत काठी घेऊन, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पहिल्या तुकडीबरोबर उतरले. एवढ्या मोठ्या हुद्याचा दुसरा कोणीहि त्या पहिल्या तुकड्यांत नव्हता. पांच आठवड्यांनीं हृदयविकारानें ते वारले आणि मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ त्यांच्या नांवें झालें.

वडिलांचें पदक काँग्रेसच्या १९९८ सालच्या ठरावानंतर, फेरतपासणी होऊन, १६ जानेवारी २००१ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं व्हाइट हाउसमधील रूझवेल्ट दालनांत दिलें. पणतू ट्वीड रूझवेल्ट यांनीं तें स्वीकारलें. नोबेलचें पदक त्याच दालनांत होतें. हेंहि त्याच्या सोबतीस ठेवण्यांत आलें. त्याच समारंभांत आणखी एका मृत सैनिकाला न्याय मिळाला. मॅसॅच्युसेट्सच्या ५५ व्या पलटणीचा अँड्र्यू जॅक्सन स्मिथ, गुलामगिरींत जन्मलेला. १८६४ सालीं यादवी युद्धांतील एका लढाईंत ध्वजधारी पडतांच त्यानें दोन्ही निशाणें उचलून रणांगणाबाहेर सुखरूप नेलीं होतीं. त्याचें पदक १३६ वर्षें थांबलें होतें.